हत्तुरेअण्णांची संपूर्ण गोपनीयता

आपण हळू बोलतो, अशी शिवशरण हत्तुरे यांची प्रामाणिक समजूत होती. पुढे जे काही झालं ते या एका समजुतीमुळे झालं. बाकी कुणाचा काही दोष नाही.

कॉलनीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते जाहीर करणारा माणूस. समोर माईक असायचा, पण अण्णा तो बाजूला सरकवून ठेवत. माईकवर आपला आवाज फाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वास्तविक माईक फाटत असे. "मंगळवेढामार्गे सांगोला" एवढं अण्णा नुसत्या गळ्याने म्हणाले, की बाहेर रिक्षात झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि पिशवी उचलून सांगोल्याला निघायचा, मग त्याचं तिकडे काही काम असो की नसो.

घरी आल्यावर ते आवाज बराच खाली आणत. त्यालाच ते हळू म्हणत.

तर या माणसाने पन्नाशीच्या तोंडावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि समुपदेशक व्हायचं ठरवलं. कारण असं घडलं, की एका दुपारी केबिनच्या खिडकीशी कुणीतरी माळशिरसची गाडी विचारली. अण्णांनी फलाट सांगितला. माणूस हलला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "जायलाच पायजे का?" अण्णांच्या वेळापत्रकात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी फलाट पुन्हा सांगितला, जरा मोठ्याने. माणूस गेला. गाडीत बसला की नाही ते गर्दीत दिसलं नाही. पण त्या दिवसापासून अण्णांचं लक्ष गाड्यांवरून उडालं. खिडकीशी येणाऱ्या निम्म्या लोकांना फलाट नकोच असतो, त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं असतं, असा त्यांना शोध लागला. शोध लागलेला माणूस घरच्यांना किती त्रासदायक होतो, हे शास्त्रज्ञांच्या बायकांना विचारावं.

अण्णांच्या बायकोचं नाव भुवनेश्वरी. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. अण्णांनी ही बातमी दिली तेव्हा त्या शेंगाची चटणी कुटत होत्या. उखळातला आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणि त्या दिवशीची चटणी इतकी बारीक निघाली की ती पाण्यात विरघळली.

बाईंचा सख्खा भाऊ सिद्धाराम. त्याचं होटगी रस्त्याला मोठं मंगल कार्यालय होतं आणि त्याचा दाजींच्या आवाजावर फार दिवसांपासून डोळा होता. वधूपक्षाकडील मंडळींनी पंगतीला बसावे, मामांनी मुलीला घेऊन यावे, पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढावी, असलं सगळं दाजींनी जाहीर करावं. बसायला खुर्ची, अंगावर कोट आणि दोन्ही वेळचं जेवण, असा त्याचा प्रस्ताव होता. अण्णांना तो अपमानास्पद वाटे. बाईंना तो प्रस्तावातल्या जेवणासकट पसंत होता.

शेवटी बाईंनी अट घातली. फळ्यावर लिहिल्यासारखी स्पष्ट अट. "गड्ड्यापर्यंत बघा," त्या म्हणाल्या. गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा. सोलापुरात वर्षाचा हिशोब तिच्यावरून होतो. "तोवर एक तरी माणूस तुमच्याकडे दुसऱ्यांदा आला पाहिजे. पहिल्यांदा कुणीपण येतंय. दुसऱ्यांदा आला तर मी मानते. नाही आला, तर सिद्धारामच्या कार्यालयात कोट घालून उभं राहायचं. साकु."

साकु म्हणजे कानडीत पुरे. बाईंच्या माहेरी कानडी बोलत. एरवी त्या मराठीतच बोलायच्या, पण हा शब्द त्यांनी राखून ठेवला होता, आणि तो आला की अण्णा पुढे बोलत नसत.

शिक्षण रीतसर झालं. पुण्याच्या एका संस्थेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, तो फोनवरच. शिकवणाऱ्या मॅडमनी दोन नियम घालून दिले. पहिला, सल्ला द्यायचा नाही. दुसरा, समोरचा जे बोलेल ते आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं, म्हणजे आपलं कुणीतरी ऐकतंय अशी त्याची खात्री पटते. अण्णा दोन्ही नियमांत पहिल्या वर्गात आले. वर्गातल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी आपापल्या फोनचा आवाज अगदी खाली ओढून ठेवला होता, आणि हे अण्णांना सांगायला सगळेच सभ्य असल्यामुळे कुणी धजलं नाही.

परवान्यासाठी ते एका सरकारी खिडकीशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. आतल्या कारकुनाने विचारलं, तुम्ही देता काय. अण्णा म्हणाले, काही देत नाही, ऐकतो. औषध नाही, ताईत नाही, सल्लासुद्धा नाही? अण्णा म्हणाले, सल्ला तर अजिबात नाही. कारकून पेन खाली ठेवून म्हणाला, की लोकांचं नुसतं ऐकून घेण्याला परवाना लागत असता तर आधी त्यालाच काढावा लागला असता. जा, बसा.

त्यामुळे घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लागली. हत्तुरे समुपदेशन केंद्र. खाली लाल अक्षरांत : संपूर्ण गोपनीयता. खोलीची खिडकी व्हरांड्यावर उघडत होती. व्हरांड्याच्या पलीकडे कंपाउंडची भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडे विजयमालाकाकू होत्या.

पहिला माणूस आला तो शिवयोगी, साडीच्या दुकानातला विक्रेता. आला म्हणजे आले. बायको, म्हातारी आई, थोरला भाऊ, वहिनी, आणि वहिनीकडे आलेले पाहुणे. सोलापुरात एकट्याने दवाखान्यात जाणं म्हणजे घरात कुणी विचारत नाही असा अर्थ होतो, त्यामुळे शिवयोगीला मनातलं बोलायचंय म्हटल्यावर घर बंद करून सगळे निघाले होते. अण्णांनी मोठ्या कष्टाने त्यांना व्हरांड्यात बसवलं, आत एकट्या शिवयोगीला घेतलं, दार लावलं, आणि हळूच म्हणाले, "मोकळेपणानं बोला. इथून एक शब्द बाहेर जाणार नाही."

व्हरांड्यातल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. हमी चांगली होती.

शिवयोगी खरोखरच हळू बोलणारा माणूस. बराच वेळ तो गुडघ्यांकडे बघत पुटपुटला. अण्णांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, सल्ला दिला नाही, आणि मग दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं त्याला परत ऐकवलं.

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की थोरल्या भावासोबत एका घरात राहून तुमचा जीव गुदमरतोय, आणि तुम्हाला वेगळं व्हायचंय."

थोरला भाऊ बशीतला चहा पीत होता. बशी तोंडाशीच राहिली. वहिनीच्या पाहुण्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. भिंतीपलीकडे विजयमालाकाकूंच्या हातातली कोथिंबीर, न निवडलेली, निवडलेल्या ढिगात पडली. आत अण्णा समाधानाने शिवयोगीचा चेहरा बघत होते. आपलं कुणीतरी ऐकतंय, ही खात्री त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. भीतीसारखीच दिसत होती, पण अण्णांना तो फरक अजून शिकवलेला नव्हता.

मंडळी दोन रिक्षांत गेली. आणि मग जो धक्का बसला तो वेगळाच. थोरल्या भावालाही कित्येक वर्षांपासून वेगळं व्हायचं होतं. धाकट्याला वाईट वाटेल म्हणून तो गप्प होता. गच्चीवरच्या खोलीत दुसरी चूल मांडली गेली, दोन्ही घरांतून पेढे आले, दोघे भाऊ एकमेकांशी पहिल्यांदा हसून बोलायला लागले. शिवयोगी मात्र परत आला नाही. दुखणंच गेलं, तर यायचं कशाला?

"पेढे दुसऱ्यांदा आले," भुवनेश्वरीबाई म्हणाल्या, "माणूस नाही आला. धरत नाही."

खरी गोष्ट अण्णांना कळली ती विजयमालाकाकूंकडून. पेढे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर हात टेकून त्या म्हणाल्या, की अण्णा, तुम्ही त्या पोराला एवढं तरी विचारायचं, वेगळं झाल्यावर म्हाताऱ्या आईला कोण बघणार. अण्णांनी गंभीरपणे सांगितलं, की समुपदेशनात आपण असलं काही विचारत नसतो. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

"मला कुठलं कळतंय? मी टीव्ही बघत होते की," काकू म्हणाल्या. "टीव्हीचं काही ऐकू येईना, म्हणून बंद केला."

अण्णा घरात आले आणि खुर्चीत बसले. भुवनेश्वरीबाई वह्या तपासत होत्या. मी मोठ्यानं बोलतो का, असं अण्णांनी विचारलं. बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षी अपेक्षित होता.

"आपण चाळीत राहायचो," अण्णा म्हणाले. "तेव्हा तुझ्या आईबद्दल जे मी रात्री तुला सांगायचो, ते..."

"चाळीला माहीत होतं."

"आणि आईला?"

"आई दिवाळीला यायची का बंद झाली म्हणता?"

हा धक्का मोठा होता. माणसाला आपला आवाज, आपली चाल आणि आपलं घोरणं यांची माहिती सगळ्यात शेवटी मिळते, हे खरं. पण अण्णांना ती एका संध्याकाळी, पंचवीसेक वर्षांच्या थकबाकीसह मिळाली. त्यांनी हळू बोलून पाहिलं. जमेना. घसा खाली जायचा, पण अर्ध्या वाक्यात सांगोल्याची गाडी आठवल्यासारखा पुन्हा वर यायचा.

मग त्यांना चादरी सुचल्या. सोलापुरात माणसाचा कुठल्याही कारणाने सत्कार झाला तर त्याला चादर मिळते. लग्नात चादर, बदलीत चादर, निवृत्तीला चादर, वर टॉवेल. अण्णांच्या माळ्यावर दोन पिढ्यांचा सन्मान घडी घालून ठेवलेला होता. तो सगळा त्यांनी खाली काढला आणि पुढच्या खोलीच्या चारी भिंतींवर, खिडकीवर, दारावर खिळ्यांनी ठोकला. मोर, हत्ती, गुलाब, एका चादरीवर ताजमहाल. आवाज शोषला जाईल, असा हिशोब होता.

आवाज थोडा शोषला गेला, हे खरं. पूर्वी कॉलनीला आपापल्या घरात बसून ऐकू यायचं, आता खुर्च्या घेऊन भिंतीजवळ यावं लागे. विजयमालाकाकूंनी पाण्याचा तांब्या ठेवायची सोय केली.

दुसरीच भानगड अशी झाली, की दार उघडलं की रस्त्यावरून खोली स्पष्ट दिसायची, आणि त्या खोलीत चादरींखेरीज काही दिसत नसे. लोक आत येऊन डबलबेडचा भाव विचारू लागले. अण्णा त्यांना समोर बसवून शांतपणे विचारत, की तुम्हाला नेमकं काय हवंय असं वाटतं. गिऱ्हाईक म्हणे, मोरवाली. अण्णा म्हणत, म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की तुम्हाला मोरवाली हवी. गिऱ्हाईक उठून जाई. असल्या दुकानात कोण परत येणार?

कुणीतरी तक्रार केली. विनापरवाना चादरविक्री. पाहणीला नवनाथ नावाचे निरीक्षक आले, बाहेर जीपमध्ये त्यांचे दोन सहकारी थांबले. नवनाथ फार चिडलेला माणूस होता. खोलीत बेसुमार उकडत होतं. चादरींनी आवाज सोडला, पण वारा कणभरही आत घेतला नाही. त्यांनी घाम पुसत पंचनामा लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या, आणि पेन थांबलं. लिहून लिहून कंटाळा आला, असं ते स्वतःशीच म्हणाले. अण्णांनी सल्ला दिला नाही. नियमच होता. मग नवनाथ बोलतच गेले.

अण्णांनी सगळं ऐकलं आणि परत ऐकवलं. "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की दिवसभर लोकांच्या चुका शोधून तुम्हाला तीच सवय लागलीय, आणि काल तुम्ही सासूबाईंच्या भाकरीचाही पंचनामा केलात."

जीपमधले दोघे सहकारी इतके हसले की जीपचा हॉर्न वाजला. नवनाथ लाल होऊन बाहेर पडले. महिन्याभरात त्यांनी स्वतःहून बदली मागून घेतली आणि बागांच्या विभागात गेले. आता ते फक्त गुलाबांच्या चुका शोधतात आणि घरी खूष असतात, असं ऐकण्यात आलं. परत आले नाहीत. एक कुंडी पाठवली. बाईंनी कुंडी धरली नाही.

म्हणजे बघा, कुणी शरमेने येत नव्हतं आणि कुणी बरं झाल्यामुळे येत नव्हतं. धंद्याची कीर्ती मात्र वाढत होती. पण ती कशाची वाढत होती, हे तानाबाई आल्या तेव्हा कळलं.

तानाबाई मूळच्या मंगळवेढ्याच्या. समोरच्या घरात मुलाकडे राहायला आलेल्या. त्या आत आल्या, चादरी निरखून पाहिल्या, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि सुनेबद्दल सांगायला लागल्या. सून ज्वारीच्या भाकरीला नाक मुरडते, चपात्याच करते, आणि सासूला विचारल्याशिवाय पंखा बंद करते. अण्णांनी हळू, निदान त्यांच्या मते हळू, परत ऐकवायला सुरुवात केली, तशी तानाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आसं न्हाय अण्णा. ती चादर सारा बाजूला. खिडकीकडं तोंड करा आनि मग म्हना की. ती आत्ता गच्चीवर कापडं वाळत घालाय आली आसंल."

अण्णा थिजले. तानाबाईंना समुपदेशन नको होतं. त्यांना सुनेपर्यंत पोचायचं होतं, आणि स्वतः बोललं तर भांडण होतं. अण्णा बोलले तर ते शास्त्र होतं.

"लई गुन येतोय म्हनत्यात तुमच्या आवाजाला," तानाबाई म्हणाल्या. "मी रोज येईन की. उद्या बी येते, परवा बी येते. तुमी फकस्त म्हनत जावा."

आता इथे वाचकाने थोडं थांबावं. गड्डा आठवड्यावर आला होता. स्टँडवरच्या पोरांनी यात्रेच्या जादा गाड्यांच्या पाट्यासुद्धा रंगवल्या होत्या. आणि समोर एक जिवंत, धडधाकट बाई दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, रोज येते म्हणत होती. अट पूर्ण होत होती. अण्णांनी फक्त तोंड खिडकीकडे करायचं होतं, जे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. दाराआडून भुवनेश्वरीबाई ऐकत होत्या; त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

अण्णा उठले. त्यांनी खिडकीवरची ताजमहालाची चादर आणखी एका खिळ्याने पक्की केली. मग तानाबाईंना म्हणाले, "आजी, मी भोंगा नाही."

हे कॉलनीभर ऐकू गेलं. समोरच्या गच्चीवरच्या सुनेलाही ऐकू गेलं, आणि ती कपडे टाकून खाली हसत बसली. तानाबाई रागाने निघून गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी गेटात उभ्या होत्या, आपापल्या तक्रारी घेऊन, त्याही वळल्या. भुवनेश्वरीबाई आत आल्या आणि त्यांनी चहा ठेवला. साकु म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवशी चटणी जरा जाडसर, अण्णांना आवडते तशी, निघाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी सिद्धाराम आला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात खोक्यात घातलेला नवा बिनतारी माईक, खांद्यावर कोट. कोट दाजींच्या मापाचा होता. त्याने तो कौतुकाने ताजमहालाशेजारी टांगला. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, संध्याकाळी मोठं लग्न आहे, दाजी तयार राहा, असं त्याने सांगितलं. बहीण स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. सिद्धारामने खोलीत एक चक्कर मारली, चादरींवरून हात फिरवला, आणि गंमत म्हणून समोरच्या खुर्चीत बसला.

"हितं बसून काय बोलतात हो दाजी, लोकं?"

अण्णा ताजमहालाशेजारच्या कोटाकडे बघत राहिले.  बाहेर, भिंतीपलीकडे, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सिद्धाराम म्हणजे कॉलनीतला ओळखीचा, पैशाअडक्याचा माणूस. त्याचा कार्यक्रम चुकवण्यासारखा नव्हता.

सिद्धाराम हसला. मग हसणं थोडं राहिलं आणि थांबलं. त्याने माईकचं खोकं मांडीवर घेतलं. त्याची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेली होती ती नातवात अडकून तिथेच राहिली होती, हे अण्णांना माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"माईकवाला मला कुठंबी मिळतोय, दाजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला की अण्णांना पुढे वाकावं लागलं. "रोज हजार माणूस जेवतंय माझ्याकडं. पंगत उठली की आचारी, वाढपी सगळे जातात. मग मी घरी जाऊन ओट्याजवळ उभ्यानंच खातो. मला दुसऱ्या ताटावर बसणारा माणूस पाहिजे होता. म्हणून तुमच्या मागं लागलो. तुमच्या आवाजाचं निमित्त केलं."

हळू म्हणजे हे, असं अण्णांना त्या क्षणी कळलं. स्वयंपाकघरातली भाकरीची थाप मात्र थांबली होती.

त्यांनी श्वास घेतला. दुसरा नियम जिभेवर आला. म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की. भिंतीपलीकडे विजयमालाकाकू खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या, समोरच्या गच्चीवर तानाबाई आणि सून वैर विसरून एका पत्र्याच्या डब्यावर बसल्या होत्या. "म्हणजे" एवढं अण्णा म्हणाले. सगळ्यांनी तेवढं ऐकलं. मग अण्णांनी तोंड मिटलं.

 त्यांनी फक्त आपली खुर्ची सिद्धारामच्या खुर्चीला लावली आणि तिच्यात बसून राहिले. सिद्धाराम खोकं धरून रडला. चांगला धडधाकट, मिश्यावाला माणूस, आणि अजिबात आवाज न करता रडला.

बाहेर कॉलनीत शांतता पसरली. या घरातून शांतता येण्याची कुणालाच सवय नव्हती. पहिल्यांदा लोकांना वाटलं अण्णा विचार करत असतील. मग वाटलं घसा बसला. मग विजयमालाकाकूंच्या तोंडून निघालं, की अगंबाई, "म्हणजे" म्हणता म्हणताच गेले की काय. एवढं पुरे झालं. काकू साखरमिठाचं पाणी घेऊन भिंतीला वळसा घालून धावल्या, तानाबाई कांदा फोडत धावल्या, गल्लीतल्या एका पोराने रुग्णवाहिका बोलावली, आणि दार उघडून सगळे एकदम आत आले ते चादरींत अडकून पडले. मोर निसटला, हत्ती निसटला. ताजमहाल पूर्ण खाली आला. त्या ढिगातून तानाबाईंनी हात वर काढला आणि फोडलेला कांदा जो पहिला नाकाखाली आला त्याला लावला. तो सिद्धाराम होता.

भुवनेश्वरीबाई पिठाच्या हाताने आत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. भावाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कांदा," सिद्धाराम म्हणाला.

आपण येण्याआधी काय बोलणं झालं, ते विजयमालाकाकूंनी अण्णांना थेट विचारलं. एवढं धावत आल्यावर तो त्यांचा हक्कच होता.

"ते गोपनीय आहे," अण्णा म्हणाले. हे मात्र तीन गल्ल्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कोट घालून तयार झाले. कोट छान बसला होता, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. पाटी काढायची म्हणून त्यांनी स्टूल लावलं. एक खिळा काढलाही. भुवनेश्वरीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. जत्रेचा दिवस, शाळेला सुट्टी. शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्या त्या नव्हत्या. पण स्टूल धरायला त्या आल्या, आणि धरताना त्यांनी ते असं धरलं की अण्णांचा हात दुसऱ्या खिळ्यापर्यंत पोचत नव्हता.

गेटापाशी सिद्धारामची गाडी थांबली. त्याने अण्णांकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, लोंबणाऱ्या पाटीकडे पाहिलं. मग चपला व्हरांड्यात काढल्या, दोघांच्या मधून आत गेला आणि कालच्याच खुर्चीत बसला.

"कालचं अर्धं राहिलं की, दाजी," तो आतून म्हणाला.

अण्णा स्टुलावरच राहिले. बायकोकडे बघून त्यांनी, त्यांना जमेल तितक्या हळू, विचारलं की हा धरायचा का. तुझाच भाऊ आहे, नियमात बसत नसेल तर तसं सांग.

"मी माणूस म्हणाले होते," भुवनेश्वरीबाई म्हणाल्या. "तोपण माणूसच आहे." आणि त्यांनी काढलेला खिळा अण्णांच्या हातात परत दिला.

अण्णा कोटासकट आत गेले. दार लागलं. भिंतीपलीकडे खुर्च्या सरकायला लागल्या. विजयमालाकाकूंनी तांब्या भरून ठेवला. समोरच्या गच्चीवर पत्र्याचा डबा मांडला गेला. भुवनेश्वरीबाईंनी हे सगळं शांतपणे पाहिलं, मग कालच्या गोंधळात व्हरांड्यात येऊन पडलेल्या खोक्यातून नवा माईक काढला, बटण दाबलं, एकदा टिचकी मारून बघितली आणि कॉलनीकडे तोंड केलं.

"सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. हत्तुरे समुपदेशन केंद्रातून आजपासून काहीही ऐकू येणार नाही. सर्वांनी आपापल्या फलाटावर जावे."

माईक चांगला होता. लांब, जत्रेच्या दिशेने निघालेली दोन पोरं थबकली आणि घरी परत गेली. खुर्च्या उचलल्या गेल्याचे आवाज झाले. भुवनेश्वरीबाई माईक बंद करणार होत्या, तेवढ्यात त्यांना आठवलं.

"आणि सिद्धाराम, मी तुझ्या ताटाशेजारी ह्यांचं ताट घालतेय. दोघांनी बसून जेवायचं. उभ्यानं खायचं नाही. साकु."

आत सिद्धारामने डोळे मोठे करून अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात मान हलवली. त्यांनी खरोखरच कुणाला काही सांगितलं नव्हतं.